पायाळू आत्या आणि ब्रेडी स्ट्रीटचा चढ

आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावात जुलै संपता संपता सात मैलांची एक शर्यत होते, ‘बिक्स सेव्हन’ नावाची. सुरुवात होते तीच मुळी ब्रेडी स्ट्रीटच्या चढानं. पाय अजून गरम झालेले नसतात आणि समोर रस्ता थेट उभा राहतो. त्याच चढावर पामर कॉलेजच्या इमारती आहेत. कायरोप्रॅक्टिक म्हणजे हातांनी मणके हलवून दुखणं कमी करण्याची उपचारपद्धती, ती शिकवणारं हे जगातलं पहिलं कॉलेज. कितीतरी वर्षं मी त्या इमारतींसमोरून धापा टाकत गेले, पण आत काय शिकवतात याचा विचार कधी केला नाही.

मी राहते नदीपलीकडे, इलिनॉयमधल्या मोलीनला. मूळची सातारची. पुण्यात ट्रॅक्टरच्या आराखड्यांचं काम करत होते, तिथून २०१२ साली इथे आले. मोलीनला जॉन डिअरचं मुख्यालय असल्यामुळे पुणे ते मोलीन ही वाट अनेकांच्या पायाखालची आहे. आठवड्यातून पाच दिवस मिसिसिपीच्या काठानं धावायचं, घरी आल्यावर बारा सूर्यनमस्कार घालायचे, हा क्रम मी नऊ वर्षं मोडला नव्हता. आणि २०२१च्या ऑक्टोबरात कमरेच्या उजव्या बाजूला, खुब्याच्या जरा मागे, दुखायला लागलं. मी ४९ वर्षांची होते. पुढच्या दोन वर्षांत जे उमगलं ते आठवेल तसं लिहिते आहे.

१. रोज व्यायाम करणाऱ्याला दुखणं आलं की आधी राग येतो. मला तरी आला. ज्यांनी कधी चालण्याचे बूटसुद्धा घेतले नाहीत त्यांना काही होत नाही आणि मला पायमोजे चढवताना पलंगाची कड धरावी लागते, हा अन्याय वाटायचा. नियमित व्यायाम म्हणजे बँकेत टाकलेली ठेव आहे, मुदत पूर्ण झाली की निरोगी शरीर हातात पडणारच, असं कुठेतरी मनात धरून चालले होते. त्या रागापोटी मी व्यायाम वाढवला. बाराचे चोवीस सूर्यनमस्कार केले, तीन मैलांचे पाच केले. दुखणं हलेना. मी कोणाला सांगितलंही नाही, कारण धावणाऱ्यांच्या गटात मीच इतरांना शिस्तीबद्दल सांगत असे. चार महिने गप्प राहिले. त्या चार महिन्यांत ‘नेमकं कधी दुखतं?’ एवढा साधा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नाही.

२. ज्या उपचाराला मी परका समजत होते, तो माझ्या आजोळच्या ओसरीवर मी लहानपणीच पाहिला होता. आई फोनवर म्हणाली, “अगं, उसण भरली असेल. तिकडे कोणी पायाळू माणूस आहे का बघ.” मी हसले, पण फोन ठेवल्यावर आत्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आईची आत्या, पण आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो. कोरेगावच्या बाजूला तिचं घर. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, म्हणून ती पायाळू, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते असा सगळ्या पंचक्रोशीचा विश्वास. सकाळी सकाळी माणसं वाकडी चालत यायची. आत्या त्यांना घोंगडीवर पालथं झोपवायची, भिंतीला हात टेकून डावा पाय कमरेवर तीन वेळा हलकाच दाबायची आणि म्हणायची, “जा आता, मागं बघू नको.” पैसे घ्यायची नाही.

पण पाय ठेवण्याआधी ती काय करायची, ते मी इतक्या वर्षांत विसरून गेले होते. ती शेजारी बसायची आणि विचारायची, “काल काय उचललंस? कशावर झोपलास? पाय बधिर पडतोय का?” पाय ओढत आलेल्या माणसाला ती पाय लावायची नाही. “हे माझं काम न्हाई, साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात जा,” असं सांगून परत पाठवायची. तिच्या पायात काही शक्ती होती असं मी मानत नाही. मात्र कोणाला हात लावायचा नाही हे तिला नीट ठाऊक होतं, आणि ते ज्ञान किती मोलाचं आहे हे मला पुढे पैसे मोजून कळलं.

३. एखादी गोष्ट उपयोगी असू शकते आणि तिचं दिलेलं कारण चुकीचं असू शकतं. हे पचायला मला वेळ लागला, कारण मी यंत्रांच्या आराखड्यांवर वाढलेली बाई आहे. आमच्यात कारण चुकलं की भाग मोडतो.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात माझ्या घरापासून काही मैलांवर झाली. डॅनियल डेव्हिड पामर हा कॅनडात जन्मलेला माणूस डेव्हनपोर्टमध्ये ‘चुंबकीय उपचार’ करायचा. १८९५च्या सप्टेंबरात, तो काम करायचा त्या इमारतीच्या सफाई कामगाराच्या, हार्वी लिलार्डच्या, पाठीतला एक मणका त्यानं हातांनी दाबून बसवला, आणि लिलार्डला नीट ऐकू यायला लागलं, अशी या पद्धतीची जन्मकथा सांगतात. ग्रीक भाषेतले ‘हात’ आणि ‘कृती’ हे दोन शब्द जोडून नाव तयार झालं. मणके जागचे हलल्यामुळे बहुतेक सगळे आजार होतात, असा सिद्धान्त पामरनं मांडला. परवाना नसताना वैद्यकी केल्याबद्दल १९०६ साली त्याला तुरुंगातही जावं लागलं.

तो सिद्धान्त टिकला नाही. बहिरेपणा, दमा, पोटाचे विकार मणके हलवून बरे होतात याला आधार नाही. पण कंबरदुखीत हातांच्या उपचारानं काहींना थोडा आराम पडतो, हे पुढे अभ्यासातूनही दिसत गेलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनं अनेक वर्षं कायरोप्रॅक्टिक करणाऱ्यांशी कसलाही संबंध ठेवू नका असा पवित्रा घेतला होता. ते प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८७ साली निकाल संघटनेच्या विरोधात लागला. हे सगळं वाचताना मला वाटत राहिलं, की एका बाजूला सगळं बरं करतो म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला यांच्या सावलीलाही उभं राहू नका म्हणणारे, यांच्यामधे पायमोजे घालता न येणारा माणूस किती वर्षं ताटकळला असेल.

४. बोललेला शब्द पाठीत जाऊन बसतो. २०२२च्या फेब्रुवारीत मी शेवटी एका कायरोप्रॅक्टिक दवाखान्यात गेले. कोणता ते सांगत नाही, आणि तशा जागा सगळीकडे असाव्यात. आत गेल्यावर दहा मिनिटांत एक्स-रे काढला. त्यावर लाल रेघा मारून मला दाखवल्या. “हा कणा सत्तर वर्षांच्या बाईचा वाटतो. असंच चाललं तर धावणं विसरा. वाकू नका, जड उचलू नका.” मग छत्तीस भेटींचा कार्यक्रम पुढे आला, पैसे आधी भरले तर सवलत. मी तिथल्या तिथे कार्ड काढून दिलं. मी एकटी होते, घाबरले होते, आणि भिंतीवर पदव्या लावलेल्या होत्या.

त्या दिवसापासून मी वाकणं बंद केलं. खाली पडलेला चमचा उचलायला गुडघे टेकून बसायची. भांड्यांच्या यंत्रात ताटं लावताना श्वास रोखून धरायची. दुखणं आधी कमरेत होतं, ते आता दिवसभराच्या हालचालीत शिरलं. नवऱ्यानं कणकेचा डबा माझ्या हातातून काढून घेतला त्या रात्री मी खूप रडले.

पुढे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एमआरआय काढला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली निघाली. मी पुन्हा हादरले. तेव्हा त्यांनी मला २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीबद्दल सांगितलं. ज्यांचं काहीही दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र करून ती केलेली होती. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या. गादीची झीज तर पन्नाशीत ८० टक्क्यांमध्ये. आणि यातल्या कोणालाच दुखत नव्हतं! माझ्या कण्याचा फोटो माझ्या वयाचाच होता. केसात पांढरं दिसावं तसं कण्यात दिसत होतं. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे सात महिने वाचले असते.

५. ‘कट्’ आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असं नसतं. पण त्या आवाजानं मिळणारा दिलासा खोटा नव्हता, हेही मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्या पहिल्या दवाखान्यात मला कुशीवर वळवून, वरचा पाय पुढे घेऊन, एका झटक्यात कंबर पिळली गेली, खोल कुठेतरी कट् झालं आणि मी उठले तेव्हा कितीतरी महिन्यांनी सरळ उभी होते. गाडीपर्यंत तरंगत गेले. दुसरा दिवसही छान गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पायमोजे घालताना सगळं जिथल्या तिथे.

आवाज कशाचा, हे मी नंतर वाचलं. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो. दोन पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोट मोडतानाचं एमआरआय चित्रणच केलं आणि २०१५ साली ते प्रसिद्ध केलं. म्हणजे आपण बोटं मोडतो तोच हा आवाज. लहानपणी आई माझी दृष्ट काढून झाली की दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. जितकी जास्त वाजतील तितकी दृष्ट जास्त लागलेली. त्या आवाजानंतर मला खरंच बरं वाटायचं.

मग आराम का पडतो? लागलं की आपण ती जागा चोळतो, आणि चोळल्यावर कळ कमी होते. स्पर्शाचा निरोप वेदनेच्या निरोपाला वाटेत अडवतो, असं मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलं. त्यांच्या मांडणीत पुढे बरेच बदल झाले, तरी त्यातली मूळ गोष्ट मला पटते. घाबरून आवळलेले स्नायू त्या झटक्यानं आणि स्पर्शानं थोडा वेळ सैल होतात. थोडा वेळ, एवढंच. छत्तीस भेटींपैकी अकरा झाल्यावर मी जाणं थांबवलं. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

६. मान कोणाच्या हातात द्यायची नाही, हे मी तिथेच ठरवलं होतं. माझी कंबर दुखत होती, तरी “मानही करून टाकू” असं तिथे म्हणाले. मी नको म्हटलं. मान झटक्यानं पिळल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर जाण्याचे आणि त्यातून पक्षाघात होण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. ते क्वचित घडतात, पण ज्या मानेला काही झालेलंच नाही तिच्यासाठी क्वचितचा धोका तरी कशाला? त्या दवाखान्यात मी ठामपणे ‘नाही’ म्हटलेली ती एकच गोष्ट.

७. चांगला उपचार करणारा माणूस आधी विचारतो. हे मला आत्याच्या ओसरीवर कळायला हवं होतं, पण कळलं २०२२च्या ऑक्टोबरात. फॅमिली डॉक्टरांनीच ज्यांच्याकडे पाठवलं तेही कायरोप्रॅक्टरच होते, साठीच्या घरातले, हळू बोलणारे. पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं त्यांनी मला हातच लावला नाही.

लघवीवर, शौचावर ताबा राहत नाही असं झालंय का? मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा? पायातली ताकद गेल्यासारखी वाटते? ताप? कारण नसताना वजन उतरलं? रात्री झोपेत कूस बदलूनही न थांबणारी कळ? कधी कॅन्सर झाला होता का, हाडं ठिसूळ झाल्याचं कोणी सांगितलंय का? यांतल्या कशालाही ‘हो’ म्हणालात तर मी तुम्हाला हात लावणार नाही, आधी रुग्णालयात पाठवीन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला आत्याचं “पाय बधिर पडतोय का?” आठवलं.

मग त्यांनी विचारलं, “दुखायला लागलं त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत आयुष्यात काय काय झालं?”

मे २०२१मध्ये माझे वडील गेले. कोविडची दुसरी लाट होती. मला जाता आलं नाही. त्यांचे अंत्यसंस्कार मी मोलीनमधल्या स्वयंपाकघरात, मध्यरात्री, फोनच्या पडद्यावर पाहिले. त्यानंतर आई साताऱ्यात एकटी. तिचा दिवस ती माझी रात्र, म्हणून फोन उशाखाली ठेवून झोपायची. पाच तासांची झोपही सलग होत नव्हती. आणि त्याच काळात मी धावणं वाढवलं होतं, कारण धावताना रडू यायचं नाही.

हे मी त्या माणसाला सांगितलं तेव्हा ते सगळं मी स्वतःच पहिल्यांदा एका ओळीत ऐकलं. दुखणं मनाचं आहे, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी उठून आले असते. ते म्हणाले, “पाठ तुमचीच आहे, झोपही तुमचीच आहे आणि दुःखही. शरीर त्यांचे वेगळे हिशेब ठेवत नाही.” वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या व्याख्येतच वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा दोन्ही मिळून एक अनुभव म्हटला आहे. ‘भावना’ हा शब्द तिथे किती वर्षांपासून आहे! मी मात्र कंबर वेगळी आणि वडील वेगळे, असं धरून चालले होते.

८. रोजचा एक तास आणि उरलेले तेवीस तास यांची मी कधी सांगड घातली नव्हती. धावणं झालं की मी नऊ-नऊ तास पडद्यासमोर बसायची. दुपारची बैठक लांबली तर पाणी प्यायलाही उठायची नाही, कारण सकाळी व्यायाम झालेला असायचा. त्यातून तो व्यायामही सगळा एकाच जातीचा. पुढे जाणं, पुढे वाकणं. बाजूला जायचं नाही, वळायचं नाही, ओझं उचलायचं नाही. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी मला एका पायावर उभं करून पाहिलं तेव्हा उजवा खुबा थरथरत होता. सात मैल धावणाऱ्या बाईला एका पायावर वीस सेकंद स्थिर उभं राहता येईना, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यांनी मला तीन आठवडे धावणं निम्मं करायला सांगितलं आणि जमिनीवरून वजन उचलायला लावलं. पहिल्या दवाखान्यात ज्याला सक्त मनाई होती तेच! पहिल्या दिवशी आठ पौंडांचं लोखंडी वजन होतं, आणि मी त्याकडे विळ्याच्या पात्याकडे बघावं तशी बघत उभी होते. खुब्यातून वाकायचं, वजन पायाजवळ ठेवायचं, श्वास रोखायचा नाही. पहिल्यांदा उचललं, काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा उचललं. दहाव्यांदा उचललं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बरेच महिने मी कमरेपेक्षा भीतीच जास्त जपली होती. पुढच्या वसंतापर्यंत मी चाळीस पौंड उचलत होते. घरी आता खुर्चीत सलग तासभर बसत नाही. संध्याकाळची भाजी जमिनीवर मांडी घालून निवडते, त्या निमित्तानं खाली बसणं-उठणं होतं.

९. हातांचा उपचार फट उघडून देतो. त्या फटीतून जायचं काम आपलं. दुसऱ्या डॉक्टरांनीही माझी कंबर हलवली, तसाच कट् आवाज आला, तसाच दोन-तीन दिवस आराम पडला. फरक एवढाच, की त्या दोन-तीन दिवसांत काय करायचं ते त्यांनी लिहून दिलेलं होतं. दुखणं कमी असताना उचलायला शिका, चालायला शिका, लवकर झोपा. सहा भेटी झाल्यावर ते म्हणाले, “आता येऊ नका. अडलं तर फोन करा.” मला आणखी येण्याची इच्छा होती. त्या खोलीत कोणीतरी माझी विचारपूस करत होतं, ते सुटू नये असं वाटत होतं. त्यांना ते कळलं असावं, कारण दाराशी त्यांनी आईची चौकशी केली.

२०२३च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मी तेव्हा साताऱ्याला होते, तिथेच त्या वाचल्या. माहिती देणं, व्यायाम, मानसिक आधाराच्या काही पद्धती आणि हातांचे काही उपचार, ज्यांत मणक्यांची हालचाल आणि मालिश हेही आले, यांना तिथे जागा दिली आहे. कमरेचे पट्टे आणि वजनं लावून कंबर ताणणं रोजच्या उपचारात नको म्हटलं आहे. माझा महागडा पट्टा तेव्हा मोलीनच्या कपाटात होता. कंबर दुखणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या घरात असतो तसा.

१०. पुण्यातला माझा मावसभाऊ मला सारखे व्हिडिओ पाठवतो. टेबलावर माणूस, त्याच्या पाठीशी माइक, जोरात कडकड, आणि मग तो माणूस हसत उठतो. “ताई, जाऊ का?” मी त्याला जा किंवा जाऊ नको असं सांगत नाही. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला काही वर्षांचं व्यावसायिक शिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे डॉक्टरांसारखी त्यांची वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतं. मी त्याला एवढंच सांगितलं, की आधी हाडांच्या डॉक्टरांना किंवा जाणत्या फिजिओथेरपिस्टला दाखव. मग कुठेही गेलास तर त्यांनी पदवी कुठे घेतली ते विचार, आणि टेबलावर झोपण्याआधी त्यांनी तुला किती प्रश्न विचारले ते मोज. त्याचा परवा फोन आला. गेला होता. एकही प्रश्न विचारला नाही म्हणून परत आला. मला त्याचा अभिमान वाटला.

११. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. लांबच्या विमानप्रवासानंतर, झोप बिघडली की, वडिलांच्या तिथीच्या सुमारास ते येतं. आता मी त्याच्यावर रागावत नाही. काल काय उचललंस, किती झोपलीस, असं आत्यासारखं स्वतःला विचारते. गेल्या खेपेला ब्रेडी स्ट्रीटचा चढ मी चालत चढले आणि पुढचं सगळं धावले. चालत असल्यामुळे पामर कॉलेजची इमारत पहिल्यांदा नीट पाहता आली.

१२. माझ्या आईची पाठ दुखते हे मला ५१ वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. २०२३च्या त्या डिसेंबरात साताऱ्याला ती तांदूळ निवडत बसली होती. मधेच तिनं हात मागे नेऊन कमरेवर दाबला, आणि तो हात तसाच ठेवून ती निवडत राहिली. ही हालचाल मी आयुष्यभर पाहत आले होते. मी विचारलं, “आई, तुझं दुखतं का गं?” ती म्हणाली, “पाठ ना? तुझ्या धाकट्या भावाच्या वेळेपासून दुखते.” म्हणजे १९७८ पासून. “सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “कोणी विचारलं नाही.”

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, तांदळातला खडा बाजूला टाकावा तसं सांगितलं. त्या संध्याकाळी मी तिच्या पाठीला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं, हाडांची घनता तपासली, औषध सुरू झालं, आणि तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला झेपतील असे तीन व्यायाम दिले. हाडं ठिसूळ निघाल्यामुळे तिची पाठ कोणी झटक्यानं हलवू नये, हेही त्यांनी बजावलं.

तुमच्या घरात कोणीतरी असंच कमरेवर हात ठेवून वावरत असेल. आज त्यांना विचारा.

माझी आई आता ७६ वर्षांची आहे. रोज सकाळी सात वाजता ती खुर्चीतून दहा वेळा उठते आणि बसते. मोलीनमध्ये तेव्हा आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, थंडीत साडेसात. आकडे मी फोनवर मोजते.